योइची साई यांना जपानी विभागात जागा द्या : चित्रपट महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

महाराष्ट्रात चित्रपट महोत्सव भरवणारे, फिल्म सोसायट्या चालवणारे आणि त्यात जपानी चित्रपटांचा वेगळा विभाग ठेवणारे आपण सगळे या पत्राचे मानकरी आहात. पत्र उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून आलेल्या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही आणि हा विषय माझ्या एकटीचा नाही.

आमच्या छोट्या गटाने एका महोत्सवाकडे प्रस्ताव दिला होता. योइची साई या दिग्दर्शकाचे तीन-चार चित्रपट जपानी विभागात एकत्र दाखवावेत, निवेदन आणि भाषांतराचं काम आम्ही विनामोबदला करू, एवढंच आमचं म्हणणं. उत्तर आलं की दिग्दर्शक कोरियन नागरिक असल्यामुळे ते जपानी विभागात बसत नाहीत. मग कोरियन विभागाबद्दल विचारलं, तर चित्रपट जपानी भाषेतले आणि जपानमध्ये तयार झालेले असल्यामुळे तिथेही बसत नाहीत. महोत्सवाचं नाव मी घेणार नाही. हीच विचारसरणी मला इतरही ठिकाणी भेटली आहे आणि एका समितीला कोपऱ्यात घेऊन तिचा बंदोबस्त होणार नाही.

मी पुण्यात जपानी शिकवते. माझ्या वर्गातली मुलं कुणी इंजिनिअर म्हणून, कुणी वृद्धांची शुश्रूषा करायला जपानला जातात. 2021 च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला, त्यानंतर तर लहान गावांतूनही मुलं-मुली चौकशीला येऊ लागल्या. या मुलांना अॅनिमे तोंडपाठ असतात. चेरीचा बहर, बुलेट ट्रेन, शिबुयाचा चौक हे सगळं त्यांनी पडद्यावर पाहिलेलं असतं. पण जपानमध्ये बाहेरचा माणूस म्हणून जगणं कसं असतं, भाषा अस्खलित आली तरी काय उरतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ते ज्याने आयुष्यभर दाखवलं त्या माणसालाच आपण दारातून परत पाठवतो, म्हणून मी हे लिहिते आहे.

साई कोण होते ते आधी सांगते, कारण आपल्यापैकी काही जणांना हे नाव नवीन असेल. 6 जुलै 1949 रोजी नागानो प्रांतात त्यांचा जन्म झाला. वडील जपानमध्ये स्थायिक झालेले कोरियन, आई जपानी. कोरियन नाव छे यांग-इल. शालेय शिक्षण तोक्योमधल्या कोरियन शाळेत. पुढे फोटोग्राफीच्या शाळेत गेले, ते शिक्षण अर्धवट सोडलं आणि चित्रपटाच्या सेटवर दिवे सांभाळणाऱ्यांचा मदतनीस म्हणून लागले. तिथून सामानाची जबाबदारी, मग साहाय्यक दिग्दर्शन. जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांच्या 1976 च्या गाजलेल्या, वादग्रस्त चित्रपटाचे ते मुख्य साहाय्यक होते. 1983 साली पहिला चित्रपट केला, 2004 पासून 2022 पर्यंत जपानी दिग्दर्शकांच्या संघटनेचे अध्यक्ष राहिले आणि 27 नोव्हेंबर 2022 रोजी, वयाच्या 73 व्या वर्षी, कर्करोगाने गेले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पासपोर्टच्या निकषाबद्दल. आईच्या देशात जन्मलेला मुलगा त्या देशाचा नागरिक का नव्हता, हे आपण विचारलं का? जपानचा नागरिकत्वाचा कायदा 1984 साली बदलेपर्यंत नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळत असे. आई जपानी असून उपयोग नव्हता. त्यात कोरिया ही 1910 ते 1945 जपानची वसाहत. त्या काळात कोरियन माणसं कागदोपत्री जपानी प्रजाच होती. एप्रिल 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि जपानमध्ये राहणाऱ्या लाखो कोरियनांचं जपानी नागरिकत्व एका परिपत्रकाने गेलं. त्यांना कुणी विचारलंही नाही. साई तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. त्यानंतरही अशा कित्येक लोकांच्या परकीय म्हणून दिलेल्या नोंदणीपत्रावर 'चोसेन' एवढंच लिहिलेलं असायचं. ते एका अखंड, आता अस्तित्वात नसलेल्या देशाचं नाव होतं. साईंनी दक्षिण कोरियाचं नागरिकत्व घेतलं ते नव्वदच्या दशकात, दिग्दर्शक म्हणून नाव झाल्यानंतर.

म्हणजे आपण जो निकष लावलात तो मुळात एका अन्यायातून तयार झालेला आहे, आणि तो पुण्या-मुंबईत बसून आपण पुन्हा लावतो आहोत. याच माणसाला जपानी दिग्दर्शकांनी अठरा वर्षं आपल्या संघटनेच्या अध्यक्षपदी बसवलं. 2004 च्या 'ची तो होने' या चित्रपटासाठी जपान अकादमीने त्यांना सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार दिला आणि तोच चित्रपट जपानने परभाषी चित्रपटांच्या ऑस्करसाठी देशाचा प्रतिनिधी म्हणून पाठवला. त्याच्या पुढच्याच वर्षी जपानने पाठवलेला चित्रपटही जपानमध्ये जन्मलेल्या कोरियन वंशाच्याच एका दिग्दर्शकाचा, ली सांग-इल यांचा होता. जपानच्या चित्रपटसृष्टीला जो माणूस आपला प्रतिनिधी म्हणून चालला तो आपल्या जपानी विभागाला चालत नाही, याचं कारण मला कुणीतरी लेखी द्यावं.

दुसरी तक्रार अशी की साईंचा चित्रपट क्वचित कुठे दाखवला जातो तेव्हा तो त्यातल्या प्रमुख नटाच्या नावाने, 'ताकेशी कितानोचा चित्रपट' म्हणून दाखवला जातो. एका पत्रकावर मी दिग्दर्शकाचं नाव शोधत राहिले, ते सापडलं नाही. कितानोंचा फोटो मात्र अर्धं पान व्यापून होता. हा चित्रपट म्हणजे वर सांगितलेला 'ची तो होने', अर्थात 'रक्त आणि हाडं'. 1923 साली कोरियातल्या जेजू बेटावरून ओसाकाला निघालेल्या बोटीवर तो सुरू होतो. डेकवर दाटीवाटीने उभे असलेले लोक, समोर धूर ओकणाऱ्या चिमण्यांचं शहर, आणि त्या गर्दीत उद्याची स्वप्नं पाहणारा एक तरुण. त्याचं पुढे काय होतं? तो मासळीच्या वड्यांचा कारखाना काढतो, कामगारांना पिळतो, मग सावकारी करतो. बायको, मुलं, ठेवलेल्या बायका, कुणालाच त्याच्या हातापासून सुटका नाही. कितानोंनी ही भूमिका जीव ओतून केली आहे, प्रश्नच नाही. पण त्या माणसाकडे कुठून पाहायचं हे साईंनी ठरवलं. कथा मुलगा सांगतो. त्यामुळे बाप घरात शिरला की कॅमेराही मुलांबरोबर भिंतीला लागून उभा आहे असं वाटत राहतं. मूळ कादंबरीकार यान सोगिल हेसुद्धा ओसाकातल्या कोरियन वस्तीतलेच.

आपल्या समाजाचं चित्र काढताना गरीब बिचारे, सोशिक, पीडित अशी माणसं दाखवणं सोपं असतं आणि त्याला टाळ्याही मिळतात. साईंनी तसं केलं नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच घरात जन्मलेला एक राक्षस त्यांनी उभा केला आणि त्याच्या राक्षसीपणाचं खापर इतिहासावर फोडून त्याला मोकळं सोडलं नाही. मराठीत दलित आत्मचरित्रं वाचलेल्या वाचकाला हा प्रामाणिकपणा लगेच ओळखू येईल. आपल्याच वस्तीतली, आपल्याच घरातली हिंसा लिहायला काय लागतं, ते आपल्याकडच्या लेखकांनी दाखवलेलं आहे. हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला परका वाटणार नाही याची मला खात्री आहे. बायकांवरचे अत्याचार त्यात फार थेट आहेत, तेव्हा आधी स्पष्ट सूचना देऊन, प्रौढांसाठीच तो दाखवला पाहिजे, हेही इथेच सांगते.

तिसरी तक्रार, 1993 चा 'त्सुकि वा दोच्चि नि देते इरु' कुठेच दाखवला जात नाही. नावाचा अर्थ 'चंद्र कोणत्या बाजूला आहे?'. माझ्या मते हे साईंचं सर्वांत मोठं काम. त्या वर्षी 'किनेमा जुन्पो' या जपानमधल्या सर्वांत जुन्या चित्रपट-नियतकालिकाच्या यादीत तो पहिला आला. नायक ताडाओ हा तोक्योमधला कोरियन वंशाचा टॅक्सीचालक. कंपनीही त्याच्या शाळेतल्या कोरियन मित्राची. आई फिलिपिनी मुली कामाला ठेवून बार चालवते आणि त्यातल्याच कॉनीवर ताडाओचं मन जडतं. कॉनी ओसाकाच्या बोलीत फडाफडा बोलते. आईला मात्र सून म्हणून फिलिपिनी मुलगी नको. जिने स्वतः परकेपणा सोसला तीच दुसऱ्या परक्या मुलीला उंबऱ्याबाहेर ठेवते. साई यावर भाषण देत नाहीत. बाई बोलते, आपण ऐकतो आणि अंगावर काटा येतो.

ताडाओचा एक सहकारी आहे, ठोसे खाऊन डोकं जरा हललेला जुना मुष्टियोद्धा. तो येताजाता ताडाओला सांगतो की मला कोरियन लोक अजिबात आवडत नाहीत, पण तू मला आवडतोस. आणि लगेच उसने पैसे मागतो. त्याच्या बोलण्यात द्वेष नाही, माया आहे, आणि तेच जास्त लागतं. 'तुमच्या लोकांबद्दल मला काही प्रेम नाही, पण तू तसला नाहीस' हे वाक्य आपल्याकडे जातीवरून, धर्मावरून, प्रांतावरून किती जणांनी ऐकलं असेल! मुंबईत परप्रांतीय टॅक्सीवाल्यांना 2008 साली मारहाण झाली होती. त्या शहरात, टॅक्सीवाल्याच्या आयुष्यावरचा इतका जिवंत, इतका हसवणारा चित्रपट आजवर कुणी लावू नये याचं मला वाईट वाटतं. हो, तो हसवतो. रात्री रस्ता चुकलेला एक चालक ऑफिसला फोन करतो तेव्हा त्याला चंद्र कुठे दिसतोय ते विचारतात, त्यावरून चित्रपटाचं नाव आलं आहे.

हा चित्रपट कोणत्या वर्षी आला ते लक्षात घ्या. जपानमधल्या कायम रहिवासी परकीयांना बोटांचे ठसे देण्याच्या सक्तीतून सूट मिळाली ती जानेवारी 1993 मध्ये. त्याआधी, तिथेच जन्मलेल्या, दुसरी भाषा न येणाऱ्या कोरियन मुलामुलींनाही सोळाव्या वर्षी सरकारी कचेरीत जाऊन शाईत बोट बुडवावं लागे आणि नोंदणीपत्र सतत खिशात बाळगावं लागे. त्यासाठी कित्येकांनी ठसे नाकारून खटले अंगावर घेतले. त्या लढ्यानंतर लगेच आलेल्या चित्रपटात साईंनी रडणारा कोरियन दाखवला नाही, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा, पोरींच्या मागे लागणारा, आळशी, गोड बोलणारा कोरियन दाखवला. इतरांसारखाच असण्याचा हक्क त्यांनी त्याला दिला.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला तिकडे घर मिळेना. दलालाने फोनवर चाललेलं बोलणं मधेच तोडून, मालकाला परदेशी नको आहे, असं सांगितलं. तो मला म्हणाला, 'सेन्सेइ (बाई), भाषा तर मला येत होती.' जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 साली जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या दर दहा परदेशी लोकांपैकी जवळजवळ चौघांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. जपानची बदनामी व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही. त्या देशाच्या भाषेवर माझं पोट आहे आणि तिच्यावर माझं प्रेमही आहे. पण जाणाऱ्या मुलाला आधी माहीत असलं तर नकार मिळाल्यावर तो स्वतःलाच दोष देत बसत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. साईंच्या नावापुढे एकदा 'कोरियन प्रश्नाचे दिग्दर्शक' असं लिहिलं की बाकीचं काम दिसेनासं होतं. 1983 चा पहिला चित्रपट 'जुक्काइ नो मोसुकीतो' हा कर्जात बुडालेल्या, घटस्फोटित, बढती न मिळालेल्या एका साध्या पोलीस शिपायाचा आहे. सावकारांचा तगादा त्याला शेवटी पोस्ट ऑफिस लुटण्यापर्यंत नेतो. त्यात कोरियन कुणी नाही. ओकिनावावर त्यांनी चित्रपट केले, अमेरिकी तळाच्या सावलीत वाढलेल्या रॉक गाण्याचा, आणि बेटावरच्या श्रद्धांचाही. 'रक्त आणि हाडं' ज्या वर्षी आला त्याच 2004 मध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचा 'क्विल' आला आणि मुलाबाळांनी रांगा लावून पाहिला.

2002 च्या 'केइमुशो नो नाका' बद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या एका चित्रकाराच्या स्वानुभवावरचा हा चित्रपट. होक्काइडोतला तुरुंग, एका खोलीत पाच जण. मारामारी नाही, पळून जाण्याचा कट नाही. खोडरबर जमिनीवर पडलं तर हात वर करून, मोठ्याने परवानगी मागून, पहारेकऱ्याने हो म्हटल्यावरच उचलायचं. जेवणात काय येणार याची चर्चा दिवसभर. नववर्षाचं जेवण आलं की पाचही जणांचे चेहरे उजळतात. बार्लीच्या भातावर सोया सॉस किती घालायचा याचा एकेकाचा हिशेब आहे. नियमांनी बांधलेल्या आयुष्यात माणूस किती चटकन रमतो, हे साई इतक्या शांतपणे दाखवतात की पाहणाऱ्याला आपली शाळा, आपलं ऑफिस आठवू लागतं. माझ्या वर्गासाठी मी एखादाच जपानी चित्रपट निवडायचा ठरवला तर हा निवडेन.

सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. 2007 साली कोरियात जाऊन केलेला 'सू' मला फक्त रक्तबंबाळ वाटला. 2009 चा निंजापट 'कामुइ गाइदेन' संगणकावर केलेल्या दृश्यांनी पार बिघडला, आणि दुर्दैवाने तोच त्यांचा शेवटचा मोठा कथापट ठरला. पुढची तेरा वर्षं त्यांनी संघटनेचं काम केलं. जपानच्या 1970 च्या कॉपीराइट कायद्यानुसार दिग्दर्शक चित्रपटाचा कर्ता मानला जातो, पण चित्रपटाचे हक्क निर्मात्याकडे जातात. हा हक्क दिग्दर्शकांना परत मिळावा यासाठी त्यांची संघटना झगडत राहिली. आपल्याकडे तर 1957 चा कॉपीराइट कायदा निर्मात्यालाच कर्ता म्हणतो आणि दिग्दर्शकाला सहकर्ता करण्याची तरतूद 2012 च्या दुरुस्तीतून गळाली. या एका विषयावरही साईंच्या निमित्ताने आपल्या दिग्दर्शकांशी चर्चा घडवता आली असती.

पाचवी तक्रार आळसाची आहे आणि ती मी तशीच मांडते. 'प्रिंट मिळत नाहीत' हे उत्तर फार लवकर दिलं जातं. अडचण खरी आहे. साईंचे दोन महत्त्वाचे चित्रपट करणारी सिनेकानोन ही कंपनी 2010 साली दिवाळखोरीत गेली. पण तोक्योत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, दिल्लीत जपान फाउंडेशनचं कार्यालय आहे, निर्माते आणि वितरक हयात आहेत. पत्र तर पाठवा. जपानीतून मसुदा करून द्यायला पुण्यात माणसं कमी नाहीत.

आमच्या मागण्या अशा.

जपानी विभागासाठी दिग्दर्शकाच्या नागरिकत्वाची अट ताबडतोब काढा आणि तसं आपल्या नियमावलीत छापा. चित्रपट कोणत्या भाषेत आणि कोणत्या भूमीवर झाला एवढं पाहणं पुरेसं आहे. हा नियम फक्त साईंसाठी नको. ली सांग-इल यांच्या 'कोकुहो' ने 2025 मध्ये अॅनिमे सोडून इतर, म्हणजे नटांनी प्रत्यक्ष काम केलेल्या जपानी चित्रपटांच्या जपानमधल्या कमाईचा विक्रम मोडला. उद्या आपण त्यांना कुठल्या खान्यात टाकणार?

येत्या वर्षभरात साईंचे किमान चार चित्रपट एकत्र दाखवा : 1983 चा पहिला, 1993 चा टॅक्सीचालकाचा, 2002 चा तुरुंगाचा आणि 2004 चा 'रक्त आणि हाडं'. पत्रकावर दिग्दर्शकाचं नाव नटाच्या नावाआधी छापा. जपानी आणि कोरियन दोन्ही नावं द्या आणि त्यांच्या आईवडिलांची, नागरिकत्वाची हकिगत दोन ओळींत का होईना, सांगा.

चित्रपटांना मराठी उपशीर्षकं द्या. हे काम आम्ही करू. हक्कधारकांची परवानगी तेवढी आपण मिळवावी. आणि हे खेळ पुण्या-मुंबईपुरते ठेवू नका. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर इथून मुलं जपानला निघाली आहेत. जिथे जपानीचे वर्ग चालतात तिथल्या कॉलेजच्या सभागृहात एक तरी खेळ लावा आणि तिकीट त्या मुलांना परवडेल असं ठेवा.

आमच्या प्रस्तावाला ज्या समितीने नकार दिला तिने तो निर्णय पुन्हा विचारात घ्यावा आणि कारणं लेखी कळवावीत. तोंडी आश्वासन आम्ही धरणार नाही. उत्तर आलं तर ते, न आलं तर तेही, आम्ही जाहीर करू.

कळावे,

आपली,
जपानीची एक शिक्षिका, पुणे